टेपचा संबंध

नवी गाडी घ्यायला गेलेला माणूस शोरूमच्या एकाच टेबलावर दोन गोष्टींचे पैसे मोजतो आणि या दोन गोष्टी पुढं एकमेकींच्या जिवावर उठणार आहेत याची त्याला गंधवार्ता नसते. पहिली पावती एक्स्टेंडेड वॉरंटीची. कंपनीनं गाडी जशी दिली तशीच तुम्ही ठेवलीत तर पुढची काही वर्षं तिच्या दुखण्याखुपण्याचं आम्ही बघू, असं तिच्यात लिहिलेलं असतं. दुसरी पावती ॲक्सेसरीजची. कंपनीनं दिली तशी गाडी आम्हाला मुळीच चालणार नाही, हे त्या पावतीतून आपण कंपनीला कळवलेलं असतं. दोन्ही पावत्या एकाच पिनेनं टाचलेल्या असतात. वर पेढ्याचा पुडा.

गाडी शोरूमचा उंबरठा ओलांडायच्या आत फेरफार सुरू होतात. चाकाखाली लिंबू जातं, ग्रिलला मिरच्या लागतात आणि डॅशबोर्डावर गणपती बसतो. तो कुठं बसवायचा यावर घरात मतभेद असतात, पण बहुतेक वेळा डावीकडची सपाट, प्रशस्त जागा ठरते. तिथंच बारीक अक्षरांत ‘एअरबॅग’ असं कोरलेलं असतं. ही पिशवी उघडायला सेकंदाचा काही शतांश भागच लागतो, त्या वेळात बाप्पा कुठल्या दिशेला प्रस्थान ठेवतील याचा विचार करायला कुणाला सवड नसते. फोटो काढायचा असतो.

वॉरंटीची पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये पीयूसी आणि टोलच्या पावत्यांखाली झोपून असते. मी ती वाचली आहे. मला वाचायचा नाद आहे, त्यातून दवाखान्यातले आणि गॅरेजमधले तास फार लांब असतात. तिच्यात पहिल्यांदा मिळणार नाही त्याची यादी येते. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपरचं रबर, बल्ब, ही झिजणारी मंडळी बाहेर. टायर आणि बॅटरी ज्याच्या त्याच्या कंपनीकडे. मग आत कोण? तर ज्यांचं नाव बिलावर आलं की माणूस आधी चष्मा पुसतो ते: इंजिनाचे आतले भाग, गिअरबॉक्स, एसीचा कॉम्प्रेसर, इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग, ईसीयू. सर्व्हिसिंग वेळेवर आणि अधिकृत ठिकाणीच करायचं ही अट. आणि मग कुठंतरी मागच्या पानांत ते वाक्य, की मंजुरी नसलेले भाग बसवल्यानं किंवा गाडीत फेरफार केल्यानं झालेला बिघाड आमच्याकडे आणू नये.

आमच्या दाजींनी ही पुस्तिका उघडलेली नव्हती. दाजी कोल्हापूरचे. तिथं गाडी नुसती चालून भागत नाही, ती चौकातून वळली की पानपट्टीवरच्या चार माणसांनी मान वर केली पाहिजे. डिलिव्हरीनंतरच्या रविवारी दाजी ओळखीच्या दुकानात गेले आणि संध्याकाळी परतले तेव्हा गाडीला दहा इंची अँड्रॉइड स्क्रीन आली होती, ड्रायव्हरच्या सीटखाली सबवूफर आला होता, हॉर्नला एसटीच्या ड्रायव्हरनंही बाजू द्यावी असा आवाज आला होता आणि दारं उघडली की पायाशी निळा उजेड पडत होता. ताई म्हणाली, “घरातला ट्यूबलाइट महिनाभर लुकलुकतोय.” दाजींनी तो विषय हॉर्न वाजवून संपवला.

पुढं एकदा मालवणला मासे खायला निघालेले दाजी गगनबावड्याच्या करूळ घाटात असताना स्टेअरिंग जड झालं. काट्यावर पिवळा दिवा लागला. घाट उतरताना दगडाचं जातं ओढल्यासारखं स्टेअरिंग ओढत ते खाली आले, मासे खाल्ले (हे सांगायला ते विसरत नाहीत) आणि दुसऱ्या दिवशी गाडी सर्व्हिस सेंटरला लावली. वाढीव वॉरंटी होतीच. दाजी निर्धास्त होते. मी त्या दिवशी कोल्हापुरात होतो म्हणून सोबत गेलो.

सर्व्हिस ॲडव्हायझर हा इचलकरंजीकडचा, पंचविशीतला, अत्यंत नम्र पोरगा होता. त्यानं आधी स्कॅनर लावला. मग गुडघ्यावर बसून स्टेअरिंगखालचं पॅनेल काढलं, आत मोबाइलचा उजेड मारला आणि काही न बोलता आम्हाला वाकून बघायची खूण केली. आत कंपनीच्या वायरींचा जुडगा होता, कापडी पट्टीत नीट गुंडाळलेला, ठरावीक अंतरावर क्लिपांत बसवलेला. त्याच्या कडेला एक लाल वायर मध्येच सोलून तिला दुसरी, जरा जाड लाल वायर पिळून जोडलेली, आणि वर काळी इन्सुलेशन टेप. उन्हाळ्यानं टेपचा डिंक सुटला होता, टोक उलगडून लोंबत होतं, तांब्याच्या दोन तारा बाहेर डोकावत होत्या आणि त्या डिंकावर धूळ आणि एक मुंगी कायमची चिकटली होती.

“सर, हे कुठून बसवलंय?”

“ते? ते स्पीकरचं हाय. स्टेअरिंगचा नि स्पीकरचा काय संबंध?”

“सर, संबंध टेपचा आहे.”

दाजी गप्प झाले. दाजींना गप्प करणारी माणसं कोल्हापूर जिल्ह्यात थोडी आहेत.

यात पोराचं काही चुकलं असं मला वाटत नाही. जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी होती. प्रीमियर पद्मिनीत किंवा अँबॅसडरमध्ये वायर बटणातून निघायची आणि दिव्यात जाऊन संपायची. मधे कुठंही जोडून घ्या, ती काही बोलत नसे. आताच्या गाडीत प्रत्येक वायर कुणाला तरी हजेरी देते. बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाचा एक डबा बल्ब किती करंट घेतोय हे सतत मोजत असतो. कमी घेणारा एलईडी लावला की त्याला वाटतं बल्ब गेला, मग तो दिवा लुकलुकवतो किंवा डॅशबोर्डावर तक्रार करतो. जास्त घेणारा लावला की निराळंच दुखणं. साधा हॅलोजन दिवा ६०/५५ वॉटचा, म्हणजे १२ व्होल्टला साधारण ५ अँपिअर. त्या जागी हौसेनं १००/९० चा लावला की ८ अँपिअरच्या वर. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाच्या हिशेबानं वाढते, म्हणजे तीच वायर अडीचपटीहून जास्त तापते. जाणता वायरमन अशा वेळी वेगळा रिले टाकून बॅटरीवरून थेट जाड वायर आणतो, जुन्या बटणाकडून नुसता इशारा घेतो. घाईतला वायरमन दिवा बदलून मोकळा होतो. त्याच्या पुढचा महाभाग, फ्यूज उडाला की १५ च्या जागी ३० चा घालतो. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारेही मी पाहिलेत, त्यांचा आत्मविश्वास मात्र कुठल्याच वॉरंटीत मिळत नाही.

म्हणून गॅरेजमध्ये पहिला प्रश्न असतो, “वायर कापलीय का?” कपलरला कपलर जोडून, म्हणजे कंपनीच्या सॉकेटातच बसेल असं काही लावलं असेल तर ॲडव्हायझरची भिवई अर्धीच चढते. सोललेली वायर दिसली की तिथून पुढं गाडीत जे जे बिघडेल त्या सगळ्याचं पाप त्या वायरीच्या माथी. कालांतरानं पंक्चर झालं तरी तो एकदा पॅनेलखाली बघून घेतो.

माझी तक्रार इथून सुरू होते. स्टेअरिंगच्या फीडमध्ये कुणी हात घातला असेल तर स्टेअरिंगचा दावा नाकारा, बरोबर आहे. पण काउंटरवर जे ऐकू येतं ते असं नसतं. तिथं वाक्य असतं, “सर, वॉरंटी व्हॉइड झाली.” सगळीच. एका टेपनं इंजिन, गिअरबॉक्स, एसी, सगळे एका दमात अनाथ. आणि आपणही मान खाली घालून ऐकून घेतो, कारण सोललेल्या वायरीपाशी उभा असलेला माणूस मुळातच बॅकफूटवर असतो.

वास्तविक यावर आपल्याकडे बोलून झालेलं आहे, आणि तेही मोठ्या आवाजात. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मूळ भांडण सुट्या भागांचं होतं, कंपन्या ते बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. पण त्याच आदेशात असंही होतं की गाडी बाहेरच्या गॅरेजात नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही. बाहेरच्या सदोष कामामुळं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारायची. कंपन्या पुढं अपिलात गेल्या, प्रकरण वरच्या पायऱ्या चढत राहिलं, तो भाग वकिलांचा. विचार मात्र सरळ आहे, आणि तो अमेरिकेतही १९७५ पासून कायद्यात आहे. तिथल्या मॅग्नसन-मॉस कायद्याखाली बाहेरचा भाग बसवला एवढ्यावरून वॉरंटी उडत नाही, त्या भागानंच बिघाड केला हे दाखवावं लागतं. न्यू जर्सीतला आमचा भाचा हे फोनवर फार अभिमानानं सांगतो. जसा काही मॅग्नसन आणि मॉस त्याच्याच सोसायटीत राहतात.

आपल्याकडेही २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, जिल्हा आयोग आहे, ५ लाखांपर्यंतच्या मालासाठी तिथं तक्रारीला शुल्कही नाही. हे मी दाजींना सांगितलं. दाजी म्हणाले, “पाव्हणं, आयोगात तारीख पडती. सर्व्हिस मॅनेजर माझ्या मावसभावाचा वर्गमित्र हाय.” आणि ते फोन लावायला बाहेर गेले. आपल्या देशात ग्राहक चळवळ बाळसं धरत नाही याचं कारण प्रत्येकाला एक मावसभाऊ असतो.

ते फोनवर असताना मी वेटिंगच्या सोफ्यावर बसलो. सर्व्हिस सेंटरचा सोफा ही फेरफारप्रेमी लोकांची मांदियाळी असते. शेजारी कॉलेजातला एक मुलगा होता, डिझेल गाडीचा. गाडीची ताकद वाढवायला त्यानं ट्यूनिंग बॉक्स लावला होता आणि सर्व्हिसिंगच्या आदल्या रात्री तो काढून कपाटात ठेवला होता. त्याचा चेहरा, बाप समोर आल्यावर सिगारेट चपलेखाली विझवलेल्या पोरासारखा होता. ईसीयूचा प्रोग्रॅमच बदलून घेणाऱ्यांची त्याहून पंचाईत, कारण कित्येक ईसीयू आपल्याला किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद स्वतःच ठेवतात. पलीकडे मोठे टायर घातलेले एक गृहस्थ होते, सस्पेन्शनचा खडखडाट घेऊन आलेले. मोठ्या टायरानं चाकाचा घेर वाढतो, काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, बेअरिंग आणि स्टेअरिंग रॅकवर जादा जोर येतो. त्यांना हे सगळं ठाऊक होतं. “पण दिसते कशी, ते बघा की,” ते म्हणाले. मी बघितली. दिसत होती.

या सोफ्यावर एक गोष्ट ध्यानात येते. कायद्याची वही आणि वॉरंटीची वही यांचा एकमेकींशी अबोला आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानं गाडीचं मूळ रूप बदलायला बंदी घातली आहे, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठणकावलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं ठेवलं. पण गाडीच्या काचेला काळी फिल्म लावून या, पोलिस पावती फाडेल, वॉरंटीवाला ढुंकूनही बघणार नाही. नंबरप्लेटीवर ४१४१ ची वळणं लांबवून ‘दादा’ लिहा, गिअरबॉक्सच्या दाव्याला धक्का लागत नाही. उलट सीएनजी किट बघा. मान्यता असलेलं किट, आरटीओत जाऊन आरसीवर रीतसर नोंद, दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, विमा कंपनीला कळवणं, सगळं कायदेशीर. आणि वॉरंटीवाला म्हणतो, इंजिनाचं आता आम्हाला सांगू नका. त्याच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पेट्रोलच्या फवाऱ्यानं व्हॉल्व्हला जो थोडा गारवा मिळतो तो कोरड्या वायूनं मिळत नाही, व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते, म्हणून कारखान्यातून सीएनजी होऊन येणाऱ्या गाडीत ती जास्त कडक धातूची घालतात. म्हणजे सरकारच्या लेखी सज्जन असलेला माणूस कंपनीच्या लेखी गुन्हेगार ठरू शकतो, आणि ‘दादा’ मात्र दोन्ही दारांनी ताठ मानेनं ये-जा करतो.

बुलबारचं तेवढं दोन्ही वह्यांना पटतं. डिसेंबर २०१७ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयानं गाड्यांपुढचे हे लोखंडी कठडे बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं. धडक बसली की गाडीचा पुढचा भाग चुरगळून जोर गिळतो आणि एअरबॅगच्या सेन्सरला खबर जाते, हे गणित कठडा मधे आल्यावर चुकतं. तरी आमच्याकडच्या एका बोलेरोला तो अजून आहे. मालक म्हणतात, “गाडीला काय होत नाही.” गाडीला होत नाही, हे खरं.

आणखी एक गंमत मला कधीच कुणी समजावून दिलेली नाही. तोच हॉर्न, तीच स्क्रीन शोरूमच्या ॲक्सेसरी काउंटरवरून घेतली तर दीडपट किमतीत ती पवित्र होते. बसवणारा पोरगा कधी कधी तोच असतो, सकाळी बाजारात, दुपारी शोरूमच्या मागच्या शेडमध्ये. टेपही त्याच्या खिशातली तीच. फरक बिलाचा. त्यामुळं माझा सल्ला, कुणी विचारत नाही तरी, एवढाच असतो की घ्यायचं ते घ्या, पण वायर न कापता बसेल असं घ्या, बिल घ्या आणि बसवताना फोटो काढून ठेवा. गणपतीसोबत काढता तसाच.

तेवढ्यात ॲडव्हायझर परत आला. मावसभावाच्या वर्गमित्राचा फोन झाला होता की पोराची सचोटी होती, कोण जाणे, पण त्यानं बॉनेट उघडून खालचं कव्हर काढायला लावलं होतं. “सर, जरा इकडं या.” स्टेअरिंगच्या मोटरकडे जाणाऱ्या जुडग्यावरची नळी बोटभर लांबीत कुरतडलेली होती, आतली एक वायर जवळजवळ तुटली होती. बॅटरीच्या ट्रेवर काळ्या लेंड्या, अर्धा शेंगदाणा आणि कापसाचा बोळा होता. संसार मांडायची तयारी दिसत होती.

म्हणजे डॅशबोर्डावर गणपती आणि बॉनेटखाली त्याचं वाहन. मधल्या मधे त्या काळ्या टेपवर आळ.

दाजींच्या तोंडावर जो आनंद पसरला तो मी त्यांच्या लग्नातही बघितला नव्हता. “बघा! म्हणत नव्हतो? स्पीकरचा काय संबंध नाही!”

“नाही सर, स्पीकरचा नाही.”

“मग करा वॉरंटीत.”

“सर, उंदीर वॉरंटीत येत नाही.”

पोरगा हे इतक्या सहानुभूतीनं म्हणाला की दाजींना रागावता येईना. पुस्तिकेत हे होतंच, उंदीर, घूस, पूर, दंगल एका ओळीत. तो विम्याचा प्रांत. विम्याचा सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी आला, त्यानं कुरतडलेल्या वायरीचे फोटो काढले आणि मग आत बघून त्याचा स्वतःचा पहिला प्रश्न विचारला, “ही स्क्रीन पॉलिसीत दाखवलीय का?” बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तू विम्याला सांगायच्या असतात, थोडा जादा हप्ता भरून. दाजींनी अर्थातच सांगितलं नव्हतं. पण उंदरानं स्क्रीनला तोंड लावलेलं नव्हतं, त्यामुळं सर्व्हेअरनं तेवढ्यापुरतं तेवढं धरलं आणि वायरिंगचा दावा मंजूर केला. स्पर्धा आयोगाला जे शेकडो पानांत सांगावं लागलं ते या माणसानं उभ्या उभ्या केलं. कपात झाली, फाइल चार्ज लागला, दाजींच्या खिशातून काही गेलेच, पण नवं हार्नेस बसलं. ॲडव्हायझरनं ती काळी टेपही काढून तिथं नीट सोल्डर मारून दिलं, पैसे न घेता. “असं ठेवू नका सर,” एवढंच म्हणाला.

प्रश्न उंदराचा उरला. ताईनं इंजिनात तंबाखूच्या पानांची जुडी टांगली. हा उपाय महाराष्ट्रभर चालतो आणि गाडीत बसलं की कुणीतरी आजोबा सोबत आहेत असं वाटत राहतं. दाजींना तो कमीपणाचा वाटला. ते मला घेऊन ओळखीच्या दुकानात गेले. तिथं उंदीर पळवायचं यंत्र आलेलं होतं, आपल्याला ऐकू न येणारा आवाज काढणारं. दुकानदार म्हणाला, “दोनच वायरी हायत, बॅटरीला मारायच्या.” दाजींनी पहिल्यांदाच खरेदीआधी फोन केला, तोही थेट इचलकरंजीच्या पोराला. स्पीकर चालू होता.

“सर, बाहेरून नका लावू,” पोरगा म्हणाला. “आमच्या ॲक्सेसरी काउंटरला आहे, जेन्युइन. वॉरंटीला प्रॉब्लेम नाही येणार. साधारण दीडपट पडेल.”

दाजींनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले. “दीडपट पैशात उंदीर दीडपट भितो काय, इचार जरा.”